तुमचे रब्बी कोण?

माझं आडनाव 'कर'वर संपतं, त्यामुळे सगळे आधी गाव विचारतात. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू आहे, हे कळलं की पुढचा प्रश्न येतो, "मग तुमचे रब्बी कोण?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या गावच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, रब्बी कधीच नव्हते. हझान होते, आणि पंचवीस वर्षं ते काम माझ्या पप्पांनी केलं.

रब्बी म्हणजे धर्मशास्त्राचा पंडित, येशिवात, म्हणजे आमच्या पाठशाळेत, वर्षानुवर्षं तालमूद हा धर्मनियमांचा ग्रंथ शिकलेला. लग्न शास्त्राला धरून आहे का, घटस्फोट पुरा झाला का, अन्न कोशेर, म्हणजे धर्माला चालणारं, आहे का, याचा निवाडा त्याने द्यायचा. हझान प्रार्थना चालवतो. पप्पांचं काम मात्र तेवढ्यावर भागत नसे. नोकरी एसटी डेपोत. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, पाळता यावा म्हणून साप्ताहिक सुट्टी शनिवारी घेत आणि रविवारी ड्युटी करत. सेफेर तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या हाताने लिहिलेल्या गुंडाळीत, अक्षरांना स्वरचिन्हं नसतात, सुरांच्या खुणा नसतात. म्हणून शनिवारी वाचायचा भाग ते आठवडाभर पुटपुटत, अगदी आंघोळीचं पाणी तापेपर्यंतसुद्धा. कुणाला कोंबडी कापून हवी असली तर सुरीची धार आधी नखावरून फिरवत. बारीकशी खाच लागली तरी सुरी बाजूला, कारण तशा सुरीने कापलेलं आम्हाला चालत नाही. लग्नात केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, त्यांनी वाचायची, मलिदा या आमच्या नवस-आभाराच्या विधीच्या वेळी गोड पोहे आणि फळांच्या ताटापुढे प्रेषित एलियाहू हन्नाबीचं गाणं त्यांनी धरायचं, आणि मयताचा निरोप आला की भरल्या ताटावरून उठायचं तेही त्यांनीच.

रब्बीवाचून हे सगळं टिकलं कसं? आमच्यात सांगतात की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि पोथ्या समुद्रात गेल्या. उरली ती देव एकच आहे असं सांगणारी शेमाची प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, खवले नसलेल्या माशाचा निषेध. आणि शनिवार. त्या दिवशी तेलाचा घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणे. पुढे दावीद रहाबी नावाचे ज्यू शिक्षक आले. त्यांनी झिराड, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतल्या तिघांना शिकवून काझी, म्हणजे आमचे धर्मकार्य बघणारे, केलं, अशी आठवण सांगतात. माझी आजी किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, 'दरफाळणीचा सण' म्हणायची, जेरुसलेमच्या मंदिराची नासधूस आठवायच्या उपासाला 'बिरड्याचा रोजा'. हे शब्द तिला कुठल्या रब्बीने दिले नव्हते, आणि पाळायची ती कडक.

हेच पुढे आमच्या लोकांच्या आड आलं. इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएलांची लग्नं इतर ज्यूंशी लावायची तर आधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा, असे आदेश तिथल्या मुख्य रब्बींकडून निघाले. शंका ही, की ज्यांच्यात रब्बी नव्हते त्यांनी लग्न-घटस्फोटाचे नियम नीट पाळले असतील कशावरून? आमची माणसं रस्त्यावर उतरली, उपोषणाला बसली. 1964 साली तो प्रश्न इस्रायलच्या संसदेत गाजला आणि आदेश बदलावे लागले. ते वाचलं की मला अजून राग येतो. शेकडो वर्षं कुणी बघायला नसताना ज्यांनी घाणा थांबवला, त्यांच्याकडे पुरावा मागायचा?

प्रार्थनेला मुळात रब्बी लागतही नाही. लागतात दहा पुरुष, आणि आता अडतं ते तिथे. पप्पा गेल्यावर त्यांच्या पहिल्या वर्षाला कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला भाऊ इस्रायलमधल्या अश्दोदहून आला. मोजले तर नऊच. चुलतभाऊ ठाण्याहून निघाला होता, त्याची गाडी वडखळला अडकलेली. तो पोहोचेपर्यंत आम्ही दीड तास बसून होतो. मी धरून दहा होत होते, पण बाईला मोजत नाहीत. मला ते पटत नाही, आणि पप्पांना मी तसं तोंडावर सांगितलं होतं. ते गप्प राहिले होते. मात्र हिब्रू वाचायला त्यांनी भावाबरोबर मलाही बसवलं होतं, रोज रात्री, तेलाच्या दिव्याशेजारच्या पाटावर.

दहावा आला, भाऊ उभा राहिला आणि कद्दीशमध्ये दोन ठिकाणी अडखळला. दोन्ही वेळा वरच्या सज्ज्यातून शब्द मी सांगितला.