डांबराचे पाय आणि चक्रवर्तींचा जंतू

आज सकाळी गोव्यात कोलव्याला वाळूत चालून आलो आणि तळव्यांना काळं डांबर चिकटलं, दर पावसाळ्याच्या तोंडावर हे टारबॉल येतातच, जहाजांच्या तेलाचे गोळे. साबणाने ढिम्म हलेना, शेवटी आईने खोबरेल चोळून काढलं आणि पायपुसण्याची वाट लागली म्हणून वर बोलणी पण खाल्ली 😅

भाची मायक्रोबायोलॉजीला आहे, ती म्हणाली मामा, तेल खाणारा बॅक्टेरिया आपल्याच आनंद मोहन चक्रवर्तींनी अमेरिकेत बनवलेला. तेलातले वेगवेगळे घटक खाणाऱ्या स्युडोमोनास जंतूंचे चार प्लास्मिड (जंतूतल्या डीएनएच्या छोट्या गोल कड्या) त्यांनी एकाच जंतूत घातले, 1972 मध्ये पेटंट मागितलं, ऑफिस म्हणे जिवंत गोष्टीला पेटंट नाही, मग केस पार अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 1980 ला 5 विरुद्ध 4 ने चक्रवर्ती जिंकले!

पण गंमत बघा, तो जंतू समुद्रात कधी सोडलाच नाही. लॅबमधला जीव मोकळा सोडायची भीती, शिवाय उघड्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस कमी, नुसतं तेल खाऊन तो तरी कसा वाढणार. तेल साफ करायला टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर वापरतात ते निसर्गातल्याच जंतूंचं मिश्रण.

नखात अजून काळं आहे. रात्री परत खोबरेल.