आमची वाटचाल : चॉकी केंद्रातील पहिले दहा दिवस

2016 साली बीड जिल्ह्यात आम्ही चॉकी केंद्र सुरू केले. अंडीपुंज उबवून निघालेल्या रेशीम अळ्या दुसरी कात टाकेपर्यंत सांभाळायच्या आणि मग तुती उत्पादकांच्या शेडवर पोचवायच्या, हा आमचा व्यवसाय.

पहिल्याच हिवाळ्यात आम्ही मोठी चूक केली. खोलीत हीटर होता आणि छातीच्या उंचीवर टांगलेला तापमापक 27 अंश दाखवत होता. तरीही वरच्या ट्रेमधल्या अळ्या डोके उचलून कातेवर, म्हणजे खाणे थांबवून कात टाकण्यासाठी, स्थिर बसल्या, तेव्हा तळाच्या ट्रेमधल्या अजून पाला कुरतडत होत्या. तापमापक जमिनीलगत ठेवला, तेव्हा तिथे जेमतेम 22 अंश निघाले. तो मागेपुढे वाढलेला माल ज्या शेतकऱ्याकडे गेला, त्याच्या शेडमध्ये पुढची प्रत्येक कातही तशीच विस्कळीत झाली, आणि कातेवर बसलेल्या कितीतरी अळ्या इतरांसाठी टाकलेल्या पाल्याखाली दबल्या.

अळीला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. भोवतालची हवा जशी, तसे तिचे अंग. सोसवणाऱ्या मर्यादेत तापमान दहा अंशांनी वाढले, की कीटकाच्या शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून पाच अंशांचा फरक म्हणजे पचन, श्वसन आणि वाढ यांच्या वेगातला मोठाच फरक. 20 अंशांखाली अळीचे खाणे मंदावते आणि कात लांबते. पहिल्या अवस्थेत, म्हणजे पहिली कात टाकेपर्यंत, आम्ही 28 अंश आणि 85 ते 90 टक्के आर्द्रता ठेवतो, दुसऱ्या अवस्थेत 27 अंश.

मात्र जी ऊब बाल्यावस्थेत पोसते, तीच पाचव्या, म्हणजे कोष विणण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेत घातक ठरते, हे आम्ही प्रत्येक नव्या शेतकऱ्याला आवर्जून सांगतो. त्या वेळी 24 ते 25 अंश लागतात. मोठी अळी स्वतः उष्णता बाहेर टाकते, बेडमधला कुजका पालाही तापतो, आणि पारा 30 च्या वर गेला की खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा श्वसनातच खर्च होऊन रेशीम ग्रंथींना कमी उरतो. कोष पातळ होतात, रोगही लवकर शिरतो. जालन्याच्या बाजारात अशा कोषाला चांगला दर मिळत नाही.

तापमानाचा परिणाम अळीपुरताच थांबत नाही, हे आम्हाला आजही विलक्षण वाटते. दुबार, म्हणजे वर्षात दोन पिढ्या होणाऱ्या जातीची अंडी 25 अंशांवर, उजेडात उबवली, तर त्यातून होणारी मादी सुप्तावस्थेत जाणारी अंडी घालते. 15 अंशांवर, अंधारात उबवली, तर न थांबता फुटणारी.

आज आमच्याकडे प्रत्येक रॅकला वर, मध्ये आणि तळाशी असे तीन तापमापक आहेत, ट्रेंची जागा रोज बदलली जाते, आणि अळ्या उन्हे चढण्याआधी रवाना होतात. सोबत दहा दिवसांच्या नोंदींचा कागद देतो. त्या पहिल्या हिवाळ्यात नुकसान सोसलेला शेतकरी आजही आमच्याकडूनच अळ्या नेतो, आणि कागद हातात येताच आधी तळाच्या ट्रेचा आकडा पाहतो.