बाबांचा डावा हात

आज बाबांचं डायलिसिस होतं. आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी ४ तास. डायलिसिसला बसताना बीपी १७८/७२, संपवून उठताना १३४/६६. इतके दिवस हे उठतानाचं बीपी बघून मी निर्धास्त व्हायचे. आज डॉक्टरांनी घरची वही मागितली. दोन डायलिसिसच्या मधे अंगात पाणी साठत जातं तसं बीपीही चढत जातं, आणि ते फक्त घरीच कळतं, म्हणाले.

वरचा आकडा एवढा मोठा आणि खालचा लहान का, तेही विचारून घेतलं. किडनी गेली की रक्तातलं फॉस्फरस पुरेसं बाहेर पडत नाही. मग कॅल्शियमबरोबर ते धमन्यांच्या भिंतीत जाऊन बसतं. भिंत कडक होते. ठोक्यागणिक फुगायला हवी ती धमनी फुगतच नाही, सगळा भार हृदयावर. जेवणाबरोबरची ती फॉस्फरस अडवणारी गोळी मी आता स्वतः ताटात ठेवणार आहे.

मधेच एक नवीन मुलगा बीपीचा पट्टा डाव्या हाताला गुंडाळायला लागला. तिथे फिस्टुला आहे, डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट! बाबा शांतपणे म्हणाले, "बाळा, तो हात नको. तोच माझा जीव आहे." माझ्या पोटात खड्डा पडला.

रात्री त्यांना पाच मिनिटं शांत बसवून उजव्या हाताचं बीपी घेतलं. १४६/७०. वहीत लिहिलं. मग रोजच्यासारखी डाव्या मनगटावर बोटं ठेवली. फिस्टुलाची थरथर लागली.

"चालू आहे ना गं?"

"चालू आहे, बाबा."