आमची वाटचाल : नग पारखून विकणारं दुकान

उमरेडच्या बाजारात आजोबांनी बंदुकांचं दुकान टाकलं तेव्हा शिकारीचे परवाने मिळत. नागपूरचे वकील-डॉक्टर हिवाळ्यात जंगलाचा ब्लॉक, म्हणजे शिकारीसाठी ठरवून दिलेला भाग, घेत आणि जाताना काडतुसं आमच्याकडून नेत. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते गिऱ्हाईक आटलं. वडिलांनी दुकान तगवलं ते दुरुस्तीवर, काडतुसांवर आणि जमा हत्यारांच्या भाड्यावर. निवडणूक लागली की बऱ्याच लायसनदारांना हत्यार जमा करावं लागतं. कोणी ठाण्यात देतं, कोणी आमच्याकडे. आचारसंहिता म्हणजे आमचा सीझन, असं वडील हसत म्हणायचे.

आता येणारा बहुतेक शेतकरी. भिवापूरकडे मिरची, इकडे तूर-हरभरा. रानडुकरांचा कळप शिरला तर सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. पीकरक्षणाचं लायसन्स म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. हे आम्ही पावती फाडायच्या आधीच सांगतो. एखादा रागावून जातोही. जाऊ दे.

तरुण पोरं मोबाइलवर व्हिडिओ पाहून येतात. "भाऊ, ते टिक्का भेटन का?" फिनलंडची टिक्का कंपनी एक एमओएची हमी देते, म्हणजे 100 मीटरवर गोळ्या साधारण 29 मिलिमीटरच्या आत. रायफल उत्तमच. पण बाहेरून आणायची सवलत नामांकित नेमबाजांना आहे, साध्या लायसनदाराला नाही. त्याच्यापुढे मुख्य वाटा दोन : बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची नवी, नाहीतर आयातबंदीच्या आधी आलेली जुनी विलायती. 2019 च्या दुरुस्तीनं एका लायसन्सवर तीनऐवजी दोनच हत्यारं राहिली, तेव्हा अशा बऱ्याच विलायती रायफली विकायला निघाल्या. नावाला भाव फार. नळीत डोकावलं तर कित्येकींचे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) गुळगुळीत झालेले, गंजाचे खड्डे पडलेले. कुंद्यावरचं नक्षीकाम पाहून पैसे मोजणाऱ्याला आम्ही आधी नळी दाखवतो.

इशापूरच्या दोन रायफलींची, .315 आणि .30-06 ची, तुलना सगळेच विचारतात. .315 (नळीचं माप, इंचात) ची बांधणी इंग्रज फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलीच्या वळणाची, मॅगझिनमध्ये पाच गोळ्या. इंग्रजांच्या काळात .303 हे फौजी काडतूस सामान्यांना बंद होतं, म्हणून ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर काडतुसावरची ही रायफल इकडे रुळली. गोळी 244 ग्रेनची (सुमारे 16 ग्रॅम), जड आणि संथ. लांबच्या माऱ्याला ती खाली येते, पण वावराच्या बांधापुरती भरपूर झाली. .30-06 हे 1906 चं अमेरिकन काडतूस. वेग जास्त, मारा सपाट, धक्काही तसाच. आणि आमच्या भागात काडतूस हुडकत फिरावं लागतं. .315 ला पुण्याजवळच्या खडकीच्या सरकारी कारखान्याचं काडतूस त्या मानानं सहज मिळतं. वर्षाचा कोटा लायसन्सवर ठरलेला, त्यामुळे सराव थोडाच होतो. म्हणून पैशाच्या मोलानं आमचं मत .315 कडे. ज्याचं वावर जंगलाला लागून आहे आणि अंधारात धावतं काही समोर येतं, त्याला मात्र आम्ही बारा बोरची दुनळीच (छऱ्यांची दोन नळ्यांची बंदूक) सुचवतो, मग रायफल विकली गेली नाही तरी चालेल.

खरा फरक मॉडेलमध्ये नसतोच, नगानगात असतो. एकाच खेपेच्या दोन .315 शेजारी ठेवा : एकीचा बोल्ट (काडतूस नळीत सारणारा दांडा) लोण्यासारखा सरकतो, दुसरीचा खरखरतो. म्हणून प्रत्येक नग भाऊ आणि मी खोलतो. बोल्ट काढून नळी खिडकीकडे धरायची; आत उजेडाची वर्तुळं एकसारखी दिसली पाहिजेत, कुठे सावली वाकली तर नळीत बाक आहे समजायचं. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, गेजनं (मापाच्या साच्यानं) तपासायचं. चाप वजनकाट्याला अडकवून ओढून पाहायचा. फार जड असला तर माणूस चाप ओढता ओढता मक्षीच (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) हलवतो. मग नळी आणि पुढच्या लाकडाच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवायची. पट्टी अडली की लाकूड तिथं टेकलंय. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड आकसतं, श्रावणात फुगतं, आणि उन्हाळ्यात नेमकी लागणारी रायफल पावसाळ्यात हातभर बाजूला मारते. गिऱ्हाईक कारखान्याला शिव्या देतं. काम असतं रंध्याच्या दोन हातांचं आणि जवसाच्या तेलाचं.

शेवटी रेंजवर परवानगीनं चाचणी. पाच गोळ्यांच्या झुपक्यापेक्षा थंड नळीची पहिली गोळी कुठे बसते ते आम्ही वहीत लिहितो, कारण बांधावर दुसरी संधी क्वचितच मिळते. पहिली गोळी दर वेळी तळहाताएवढ्या जागेत पडली तर नग पास. नापास नग आम्ही परत पाठवतो. त्याची लिखापढी डोकेदुखीची असते, पण पाठवतो.

2021 मध्ये सरकारी कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, इशापूर कानपूरच्या कंपनीकडे गेलं. त्यामुळे माल सुधारला की बिघडला, हे लोक आम्हाला विचारतात. आमची वही म्हणते, अजून नगच पाहावा लागतो. दुकानात येताना लायसन्सचं पुस्तक आणा. नळी खिडकीकडे धरून तुम्हीही पाहा, आम्ही बाजूला उभे राहतो.