साडेसात हिमोग्लोबिन

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या एका मुलीचे हिमोग्लोबिन, तिची तब्येत चांगली असते तेव्हाही, ७.५ च्या आसपास राहते. आईच्या कडेवर बसून आलेली ही मुलगी आता कॉलेजात जाते आणि या सगळ्या वर्षांत तिच्या केसपेपरवर हा आकडा मी कितीतरी वेळा लिहिला आहे. मागच्या हिवाळ्यात हातपाय असह्य दुखू लागले म्हणून तिला रात्री एका खासगी रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून रक्त चढवायची तयारी केली. अनोळखी रुग्णाचा इतका कमी आकडा पाहून कोणीही धास्तावेल, त्यामुळे मी त्यांना दोष देत नाही. वडिलांनी मला फोन लावला, मी डॉक्टरांशी बोललो, आणि हे तिचे नेहमीचेच हिमोग्लोबिन असल्याचे कळल्यावर सलाइन व वेदनाशामके पुरेशी ठरली. वारंवार रक्त चढवल्याने शरीरात लोह साठते, पुढे जुळणारे रक्त मिळणेही अवघड होते. म्हणून ती एक बाटली टळणे मला मोलाचे वाटते.

उपचारांतील सातत्याचे तीन पदर २००३ मध्ये जिनी हॅगर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले होते: माहितीचे, उपचारांच्या आखणीचे आणि नात्याचे. पहिल्या दोहोंना फाईल आणि संगणक मदत करतात, तिसऱ्याला मात्र वर्षेच द्यावी लागतात. नॉर्वेत २००१ पासून प्रत्येक नागरिकाला ठरलेला फॅमिली डॉक्टर मिळतो; तिथल्या नोंदींच्या अभ्यासात, एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून अधिक काळ जाणाऱ्यांमध्ये तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण, जेमतेम वर्षभराची ओळख असलेल्यांच्या तुलनेत, २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास कमी आढळले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण माझा अनुभव याच बाजूचा आहे. आपल्याकडे अशी नोंदणी नाही. डोके दुखले तरी माणूस थेट धंतोलीत किंवा रामदासपेठेत विशेषज्ञाकडे जाऊ शकतो, आणि तरीही जो आधी माझ्याकडे येतो तो केवळ विश्वासापोटी येतो.

मात्र रोजच्या ओळखीने नजर बोथटही होते. एका काकूंचा चेहरा हळूहळू सुजत गेला, आवाज जड झाला, आणि दर महिन्याला पाहूनही ते माझ्या लक्षात आले नाही. मी रजेवर असताना बसलेल्या तरुण डॉक्टरने पहिल्याच भेटीत थायरॉइडची तपासणी सांगितली. तेव्हापासून जुन्या रुग्णांनाही वर्षातून एकदा मी नव्याने आल्यासारखे पहिल्यापासून तपासतो.

आता तोच डॉक्टर दवाखाना सांभाळणार आहे. गेले काही महिने आम्ही दोघे शेजारी बसून रुग्ण पाहतो, आणि संध्याकाळी मी एकेका केसपेपरच्या माथ्यावर दोन ओळी लिहितो. त्या मुलीच्या कागदावर लिहिले आहे: नेहमीचे हिमोग्लोबिन ७.५, ६ च्या खाली गेल्यास ताबडतोब सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पाठवावे. आईला आधी बसवून, मग सांगावे.