मुलाला एकदाच सांगू द्या : नागपुरात पॉक्सोची फाईल पुढे नेताना

लैंगिक अत्याचार किंवा शोषण झालेल्या मुलाचा नागपुरात निदान आठ यंत्रणांशी संबंध येतो: पोलीस ठाणे, बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, रुग्णालय, न्यायदंडाधिकारी, न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळा, विशेष न्यायालय आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बालकल्याण समितीच्या आदेशाने नेमलेली सपोर्ट पर्सन, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाला सोबत करणारी, म्हणून मला या सगळ्यांच्या दारात जावे लागते. बहुतेक ठिकाणी माणसे आपापले काम करतात, तरीही मूल अडकते. एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर पोचत नाही, मग कागदाऐवजी मूलच फिरते आणि प्रत्येक टेबलासमोर तेच पुन्हा सांगत बसते. ते कसे टाळता येते आणि कुठे टळत नाही, ते पुढे लिहिते आहे.

तक्रार आईवडिलांनीच द्यावी असा नियम नाही. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे ज्याला कळले त्याने कळवायचे: शिक्षिका, अंगणवाडी सेविका, डॉक्टर, वसतिगृहाची गृहपाल, शेजारी, कोणीही. न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि संस्थाप्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. १०९८ किंवा ११२ वर फोन केला तरी चालतो. शाळा मात्र आधी 'अंतर्गत चौकशी' करतात, मुलाकडून लेखी घेतात, संशयितालाही बोलावतात. त्या चौकशीत मुलाचे पहिले सांगणे खर्ची पडते आणि पुढे कोर्टात तोच कागद विसंगती दाखवायला वापरला जातो. शाळेने ऐकावे, मुलाचे शब्द जसेच्या तसे टिपावेत आणि फोन करावा. त्यापुढचे काम शाळेचे नाही.

पहिले घोडे हद्दीवर अडते. नागपूर शहर पोलीस, नागपूर ग्रामीण पोलीस आणि लोहमार्ग पोलीस अशा तीन वेगळ्या यंत्रणा इथे आहेत. मूल राहते वाठोड्याला, घटना काटोलला नातेवाइकाकडे. किंवा मूल सापडले स्टेशनच्या फलाटावर आणि घटना गाडीत, कुठल्या राज्यात तेही माहीत नाही. अशा वेळी "तिकडे जा" हे उत्तर कायद्यात बसत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचे, कलम १७३ सांगते, की गुन्हा कुठेही घडला असो, माहिती नोंदवून घ्यायची. शून्य क्रमांकाने नोंद होते, कागद हद्दीच्या ठाण्याकडे जातात. ठाणेदारांशी वाद घालण्यापेक्षा लेखी अर्ज देऊन पोच मागितली की काम लवकर होते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते आणि निम्मे अधिकारी बंदोबस्तात असतात. त्या दिवसांत तपास अधिकाऱ्यासोबत ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचा नंबरही घेऊन ठेवावा.

जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकारी, हुद्दा उपनिरीक्षकापेक्षा खाली नाही, गणवेश नको. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. हे बरेचदा पाळलेही जाते. बिघडते ते लिहिताना. मूल सांगते, "काकांनी चड्डीवरून हात लावला, मग दार लावलं." कागदावर येते, "लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले." हा फरक साधा नाही. २०२१ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कपड्यांवरून झालेला स्पर्श पॉक्सोच्या कलम ७ मधला लैंगिक हल्ला ठरत नाही असा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द केला आणि त्वचेला त्वचा लागली का हे नव्हे, लैंगिक हेतू पाहायचा असे सांगितले. हात कुठे, कशावरून, किती वेळा, त्या वेळी तो माणूस काय म्हणाला, हे मुलाच्याच शब्दांत उतरले पाहिजे, हिंदीत किंवा गोंडीत बोलले तर तसेच. गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलासाठी दुभाषा मागता येतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे त्याची यादी असावी लागते आणि मानधन सरकार देते. शेजारच्या बाईला दुभाषा करू नये. ती वस्तीत परत जाणार असते.

गुन्हा नोंदल्यापासून २४ तासांत दोन ठिकाणी माहिती जायला हवी: बालकल्याण समितीकडे आणि विशेष न्यायालयाकडे. समितीकडे जाणारा कागद म्हणजे पॉक्सोच्या २०२० च्या नियमांतला नमुना 'ब', प्राथमिक मूल्यांकन अहवाल. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला हा सगळ्यात दुर्लक्षित कागद. त्यात आरोपीशी नाते, घटना एकदाच घडली की वारंवार, मुलाला अपंगत्व आहे का, शाळा सुटली का, घरची कमाई किती आणि खाणारी तोंडे किती, असे रकाने असतात. घाईत ते "निरंक" लिहून पाठवले जातात. कमाईचा रकाना निरंक असला की समितीला तातडीची मदत सुचवायला आधार उरत नाही, आणि आरोपीशी नात्याचा रकाना निरंक असला की मूल त्याच घरात परत जाते. म्हणून जबाब चालू असतानाच मी बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याशेजारी बसून हा नमुना भरून घेण्याचा आग्रह धरते. वीस मिनिटांचे काम आहे. नमुना 'अ' मात्र कुटुंबासाठी असतो, कोणकोणते हक्क आणि सेवा मिळतात ते सांगणारा. त्यावर नुसती सही घेऊ नये, तो वाचून दाखवावा.

आरोपी घरातलाच असेल, किंवा मुलाला आधार देणारे कोणी नसेल, तर मुलाला २४ तासांत समितीपुढे हजर करायचे असते. समिती महिन्यात किमान २० दिवस बसते. बैठक नसलेल्या दिवशी एका सदस्यासमोरही हजर करता येते, तेव्हा "उद्या सोमवारी या" हे ऐकून परतू नये. मुलाला घरून हलवायचे का, हे समिती तीन दिवसांत ठरवते आणि त्यात मुलाचे म्हणणे ऐकणे आवश्यक आहे. घराबाहेर काढायचे ते आरोपीला, मुलाला नव्हे, असा विचार आधी व्हावा. आजी, मामा, मोठी बहीण असे कोणी असेल तर बालगृहाची गरजच पडत नाही. बालगृहात गेलेल्या मुलाला आपल्यालाच शिक्षा झाली असे वाटते.

देहव्यापारातून सोडवलेल्या मुलींची फाईल वेगळीच चालते. नागपूर देशाच्या मधोमध, चारही दिशांच्या गाड्या इथून जातात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधून आणलेल्या मुली स्टेशनवर किंवा गंगाजमुना वस्तीतल्या कारवाईत सापडतात. दुसऱ्याच दिवशी "आईवडील" ताबा मागायला येतात. त्यांच्या कागदांवरून ताबा देऊ नये. मुलीच्या जिल्ह्यातल्या बालकल्याण समितीला पत्र देऊन गृहचौकशी मागवावी लागते आणि ती येईपर्यंत मुलगी इथेच राहते. पत्र टपालाने पाठवून वाट पाहिली तर महिने जातात. तिकडच्या बाल संरक्षण अधिकाऱ्याला फोन, मग ईमेल, मग पुन्हा फोन, हाच मार्ग चालतो.

अशा प्रकरणांत वयावरून सगळे ठरते. दलालाने शिकवलेले उत्तर "एकोणीस" असते आणि आधार कार्डावरही तेच असते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ चा क्रम पक्का आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातले काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आधार त्या यादीत नाही. पोलीस सरळ हाडांच्या तपासणीला पाठवतात, कारण ती नागपुरातच होते. पण तिच्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक राहतो आणि बचाव पक्ष नेमका तोच धरतो. पहिलीत ज्या शाळेत नाव घातले तिथला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळवण्यात दोन दिवस गेले तरी जाऊ द्यावेत.

वैद्यकीय तपासणीसाठी मेडिकल, स्टेशनजवळचे मेयो किंवा डागा, ही इथली सरकारी रुग्णालये. गुन्हा नोंदलेला नसला तरी तपासणी आणि उपचार नाकारता येत नाहीत, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे खासगी रुग्णालयालाही मोफत उपचार द्यावे लागतात. मुलगी असेल तर महिला डॉक्टर आणि सोबत मुलीच्या विश्वासाचे माणूस. बारा वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती घ्यायची, त्याखाली पालकांची. दोन बोटांची चाचणी करणे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

घड्याळ इथे सर्वांत महत्त्वाचे. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. एचआयव्ही रोखणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, जितके लवकर तितके चांगले, आणि २८ दिवस न चुकता घ्यावे लागते. पहिल्या काही दिवसांच्या गोळ्या अपघात विभागात मिळतात, पुढच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचार केंद्रातून. केंद्राची पाटी पाहून कुटुंब दारातून परत फिरते आणि औषध मध्येच तुटते. त्या फेरीला मी सोबत जाते किंवा केंद्रातल्या समुपदेशकाला आधी कळवून ठेवते. गर्भधारणा रोखणारी गोळीही ७२ तासांत द्यावी, पाच दिवसांपर्यंत उपयोग होतो. घटनेच्या वेळचे कपडे धुतले नसतील तर सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना कुजतो. कपडे धुतले असतील तर त्यावरून आईला कोणीही बोलू नये. जखम न सापडणे म्हणजे काही घडले नाही असे नव्हे, हेही कुटुंबाला तिथेच सांगावे, कारण "मेडिकल निल आलं" ही बातमी वस्तीत फार लवकर पोचते.

मुलग्यांबाबत हे सगळे अर्धवट होते. कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. पण मुलाला गुदद्वाराची दुखापत, संसर्ग, एचआयव्हीचे औषध यांबद्दल विचारलेच जात नाही. आपणच आठवण करून द्यावी.

गर्भ राहिला असेल तर २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. २० पर्यंत एका डॉक्टरचे मत, त्यापुढे दोघांचे. २४ उलटले की उच्च न्यायालय. नागपूर खंडपीठाकडे जायला उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीमार्फत मोफत वकील मिळतो, न्यायालय वैद्यकीय मंडळाकडून तपासणी अहवाल मागवते. दोन यंत्रणा एकमेकींच्या पत्राची वाट पाहत राहिल्या की आठवडे हातचे जातात, तेव्हा सोनोग्राफीचा अहवाल हाती आला त्याच दिवशी समिती आणि विधी सेवा दोघांनाही प्रत द्यावी. गर्भपातानंतरचा नमुना डीएनएसाठी लागतो; तो फॉर्मेलिनमध्ये टाकला की निरुपयोगी. तपास अधिकाऱ्याने शस्त्रक्रियेआधी लेखी कळवून, बर्फाच्या पेटीसह हवालदार हजर ठेवावा.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब, ज्याला अजूनही सगळे जुन्या कायद्याच्या कलमावरून "१६४" म्हणतात, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली होतो. तारीख ठरवताना मुलाची परीक्षा आणि झोप बघा. जेवून आलेले मूल नीट बोलते. त्या दिवशी मूल गप्प राहिले तर ओढून बोलवू नये. दुसरी तारीख मागता येते.

आरोपीने जामीन मागितला की मुलाच्या बाजूला कळवणे आणि बोलू देणे आवश्यक आहे. नोटीस मिळते, पण सुनावणी उद्याच असते. विधी सेवेचा वकील आधीच नेमून ठेवला तरच तिथे कोणी उभे राहू शकते; हा वकील सरकारी वकिलाला साहाय्य करतो, त्यांची जागा घेत नाही.

पॉक्सोचे कलम ३५ म्हणते, विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि वर्षभरात खटला पूर्ण व्हावा. वर्षाच्या मुदतीला मात्र 'शक्यतो' म्हणते, आणि त्या "शक्यतो"मध्ये बरीच वर्षे मावतात. प्रयोगशाळेचा अहवाल आला नाही, हे तारीख पुढे जाण्याचे नेहमीचे कारण. मुलाची साक्ष मात्र त्या अहवालाविना नोंदवता येते, आणि सरकारी वकिलांनी तशी विनंती करावी म्हणून त्यांना आधी भेटावे. साक्षीच्या आदल्या आठवड्यात मुलाला रिकामी कोर्टरूम दाखवून आणावी: न्यायाधीश कुठे, पडदा कुठे, तू कुठे बसणार. प्रश्न थेट मुलाला नव्हे, न्यायाधीशांमार्फत विचारायचे असतात, मध्ये विश्रांती मिळते, आरोपी दिसू नये अशी व्यवस्था करायची असते. खरी अडचण कोर्टरूमबाहेर. आरोपी जामिनावर असला की तोही त्याच व्हरांड्यात, बाजूच्या बाकावर. पैरवी अधिकाऱ्याशी, म्हणजे कोर्टातले काम पाहणाऱ्या पोलिसाशी, ठरवून मुलाला दुसरीकडे बसवायचे आणि पुकारा झाला की फोन करायला सांगायचे. डबा, पाणी, मे महिना असेल तर ओला रुमाल.

साक्ष शिकवायची नाही. मी फक्त एवढे सांगते: आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हण. "तुला कोणी शिकवलं?" हा उलटतपासणीतला ठरलेला प्रश्न. "ताईंनी खरं सांगायला सांगितलं," हे उत्तर देताना मुलाला खोटे बोलावे लागता कामा नये.

पैशाचे तीन वेगळे रस्ते आहेत आणि लोक ते एकच समजतात. समितीच्या शिफारशीवरून अन्न, कपडे, प्रवास यांसाठी तातडीची मदत, जी आठवड्याच्या आत द्यायची असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मनोधैर्य ही पीडितांना अर्थसाहाय्य देणारी योजना, जी राज्यात २०१३ मध्ये सुरू झाली. आणि विशेष न्यायालयाची भरपाई, जी निकालाआधी अंतरिम स्वरूपातही मिळू शकते, आरोपी सुटला तरी मिळू शकते. आरोपीचा मुलीच्या आईवर दबाव असेल, तर पैसे जमा होणारे बँक खाते कोणाच्या सहीने चालणार याची विचारणा समितीकडून आधीच करून घ्यावी.

मग येतात मधली लांब वर्षे. मुलगी दहावी होते, कुटुंब खोली बदलते, अठरा पूर्ण होतात, कधी लग्न होऊन ती भंडारा-गोंदियाकडे जाते. गुन्ह्याच्या दिवशीचे वय धरतात, म्हणून खटला पॉक्सोचाच राहतो, पण समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत येते, आणि "फिर्यादी पक्ष मिळून येत नाही" असा शेरा बसतो. कधी हवालदार गणवेशात थेट सासरच्या दारात उभा राहतो, ते त्याहून वाईट. खटला संपेपर्यंत समितीला मासिक अहवाल द्यायचा असतो. त्यात मी पहिली ओळ हीच ठेवते: आज ती कुठे राहते, कोणत्या नंबरवर आणि किती वाजता फोन केलेला तिला चालतो, आणि हे तपास अधिकाऱ्याला कोणत्या तारखेला लेखी कळवले.