उलटा निघालेला सातवा प्रश्न

डी.एल.एड. या शिक्षक पदविकेच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला मूल्यमापनाचा पेपर होता आणि त्याला जोडून एक प्रकल्प. शाळानुभवाच्या काळात एका वर्गासाठी घटक चाचणी तयार करायची, घ्यायची, तपासायची आणि प्रश्ननिहाय विश्लेषण करून द्यायचं. पेपरची मला भीती नव्हती. व्याख्या पाठ केल्या की निभावतं, असं आधीच्या बॅचने सांगितलंच होतं. प्रकल्पात मात्र मी दोन महिने अडकले.

शाळा मिळाली गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, शापोरा नदीकाठच्या एका गावात. मराठी प्राथमिक, चौथीत 22 मुलं. विषय परिसर अभ्यास, घटक पाण्याचा.

पुस्तकांसाठी मी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बसले. इंग्रजी पुस्तकं जाडजूड. ब्लूमचं 1956चं शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण, 2001मध्ये सुधारलेली त्याची आवृत्ती, 1967मध्ये स्क्रिव्हनने केलेला आकारिक (शिकवता शिकवता होणारं) आणि संकलित (शेवटी होणारं) मूल्यमापनाचा भेद, हे सगळं नीट उलगडून सांगितलेलं. पण उदाहरणं परक्या वर्गांतली, चौथीतल्या आमच्या एकाही मुलाला न लागणारी. मराठी पुस्तकं त्या मानाने आटोपशीर. व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे, मर्यादा, पुढचं प्रकरण. परीक्षेला सोयीची, पण प्रत्यक्ष प्रश्न काढायला बसलं की हात रिकामे. तरीही त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, कारण शब्द त्यांनी दिले: सप्रमाणता, विश्वसनीयता, काठिण्य पातळी, भेदनक्षमता. विचार मराठीत करायचा तर हे शब्द मराठीत हाताशी असावे लागतात. मी दोन्हीकडची पुस्तकं शेजारी उघडी ठेवून वाचली. वेळ दुप्पट लागला, पण समजलं असंच.

पहिला मसुदा 25 गुणांचा होता. प्रश्न सुचतील तसे काढले आणि शेवटी संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या उद्दिष्टाला आणि घटकाला किती गुण याचा आराखडा, भरला. तक्ता पाहून मीच गार झाले. 25पैकी 19 गुण नुसत्या ज्ञानावर! नावे लिहा, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. उपयोजनाला, म्हणजे शिकलेलं वापरायला लावणाऱ्या प्रश्नांना, दोन गुण. मार्गदर्शक मॅडमनी कागद परत दिला. “आधी तक्ता, मग प्रश्न. घर बांधून झाल्यावर कोण नकाशा काढतं गो?” मी पुन्हा बसले. आधी उद्दिष्टांना भारांश, म्हणजे गुणांचा वाटा, दिला, मग घटकांना, मग प्रश्नप्रकारांना. प्रश्न लिहायला घेतले ते चौथ्या दिवशी. रिकाम्या चौकटीत ‘उपयोजन, 6 गुण’ असं लिहिलेलं असलं की सोप्या प्रश्नाकडे पळता येत नाही.

चाचणी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीआधी झाली. उत्तरपत्रिका घरी आणल्या. स्वयंपाकघरात नेवऱ्यांचं सारण परतलं जात होतं आणि मी बाहेर सोप्यावर 22 कागद गुणांच्या उतरत्या क्रमाने मांडून बसले होते. विश्लेषणाची रीत पुस्तकात दिलेली होती: वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के घ्यायचे. ही टक्केवारी ट्रुमन केली या संख्याशास्त्रज्ञाने 1939मध्ये सुचवली, आणि आजही ती वापरतात. 22चे 27 टक्के म्हणजे सहा मुलं. वरचे सहा, खालचे सहा. प्रत्येक प्रश्नाला दोन्ही गटांत किती बरोबर, ते मोजायचं. दोन्हींची बेरीज भागिले बारा ही काठिण्य पातळी; आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. वरच्यांतून खालचे वजा करून भागिले सहा ही भेदनक्षमता, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांत किती फरक करतो ते.

सातव्या प्रश्नापाशी मला वाटलं, माझं गणित चुकलं. वरच्या गटात दोघे बरोबर, खालच्या गटात पाच. काठिण्य पातळी 0.58, म्हणजे दिसायला अगदी मध्यम, चांगला प्रश्न. भेदनक्षमता मात्र उणे 0.5. हुशार मुलं चुकलेली आणि ज्यांना बाकी काही फारसं आलं नाही त्यांना हा बरोबर आलेला. मी तीनदा मोजलं.

प्रश्न असा होता: ‘भरतीच्या वेळी खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून काय बांधतात?’ पर्याय: धरण, बांध, मानस, विहीर. मानस म्हणजे बांधात पाण्याला ठेवलेली, लाकडी दारांची वाट. माझ्या उत्तरसूचीत ‘बांध’. वरच्या गटातल्या चौघांनी ‘मानस’वर खूण केली होती.

सुट्टीनंतर त्यांतल्या एकाला जवळ बोलावून विचारलं. तो म्हणाला, “टीचर, बांध आसताच. पूण भरती आयली काय दारां आपशींच धांपतात.” त्याच्या घरची खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली. मानशीची लाकडी दारं भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात, हे त्याने रोज पाहिलेलं. बांध पाणी अडवतो हे त्यालाही ठाऊक होतं, पण पाण्याला वाट ठेवलेली असूनही ते आत का येत नाही, याचं उत्तर मानस हेच. म्हणजे त्याचं ज्ञान माझ्या उत्तरसूचीच्या पुढे होतं, आणि मी त्याचा गुण कापला होता.

मग खालच्या गटातल्या पाच जणांना ‘बांध’ कसा आला? ते मॅडमनी प्रश्न वाचता वाचता बोट ठेवून दाखवलं. ‘काय बांधतात?’ उत्तर प्रश्नातच पडलेलं होतं! प्रश्नाच्या शब्दांतून उत्तराचा सुगावा लागू देऊ नये, हा नियम मी तीन पुस्तकांत वाचला होता, वहीत उतरवला होता आणि तोच मोडला होता.

त्यानंतर मी सगळे प्रश्न पुन्हा त्याच नजरेने तपासले. शहाळ्यावरचा एक प्रश्न नऊ जणांनी कोरा सोडला होता. वर्गात शहाळ्याचा कोंकणी शब्द ‘आडसर’ म्हटल्याबरोबर हात वर झाले, त्या नऊ जणांतलेही. मला परिसर अभ्यास मोजायचा होता आणि मोजली गेली होती प्रमाण मराठीची शब्दसंपत्ती. सप्रमाणता म्हणजे जे मोजायचं तेच मोजणं, ही व्याख्या मला पहिल्या आठवड्यापासून पाठ होती. आमच्याकडे घरी कोंकणी आणि शाळेत मराठी असलेली मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी प्रश्न काढताना सप्रमाणतेचं प्रकरण सगळ्यात आधी वाचायला हवं, आणि आपल्या पुस्तकांत त्यावर इथलं एखादं तरी उदाहरण असायला हवं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापनाची अपेक्षा धरतं, तेही मुलाची समज आणि ती वापरायची क्षमता यांचं. ‘शहाळं’ हा शब्द अडला म्हणून मुलाची समज कमी ठरत नाही.

सातव्या प्रश्नाचा गुण मी सर्व 22 जणांना दिला आणि अहवालात कारण लिहिलं. प्रकल्पाला गुण बरे मिळाले.

पुढच्या महिन्यात तोच प्रश्न वेगळा करून घेतला: ‘भरतीचे पाणी खाजन शेतात शिरू नये म्हणून गावात काय सोय असते? चित्र काढा, नावे लिहा.’ तीन गुण: बांध दाखवला तर एक, मानस दाखवली तर एक, पाण्याची दिशा बाणाने दाखवली तर एक. मागच्या वेळी खालच्या सहांत असलेल्या एका मुलीने दोन्ही दारं काढली, मिटलेली, आणि त्यांच्याकडे येणारा जाड बाण. बाजूला लिहिलं होतं ‘माणस’. गुणदान योजनेत शुद्धलेखन नव्हतं. तिला तीनपैकी तीन दिले.